व्याण्याची तारीख

मरोदा हे नाव महाराष्ट्रातील वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. भिलईत ज्यांचे बालपण गेले त्यांना मात्र ते नाव ऐकताच एक मोठा तलाव आठवतो. तांदुळा कालव्याचे पाणी या मरोदा जलाशयात येते आणि तेथून पोलाद कारखान्याला पुरविले जाते. दुर्गहून दल्ली राजहऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मरोदा नावाचे लहानसे स्थानकही आहे. त्या मार्गाने लोहखनिजाच्या गाड्या अहोरात्र येत असतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी माझे वडील नागपूरची नोकरी सोडून येथे आले. त्यांच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबे त्या काळी इकडे आली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत आपल्याच जुन्या मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर होती, त्यामुळे परमुलखात आलो असे कोणाला फारसे वाटलेही नाही. पुढे मी शासकीय सेवेच्या निमित्ताने महाराष्ट्रात परतलो. ताई मात्र येथेच राहिली. मेहुणे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मरोद्यालगतच घर बांधले.

हा लेख तसा गायींविषयी आहे. प्रशासनावरील लेखमालेत हा विषय कोठून आला असे काही वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

आमच्या लहानपणी टाऊनशिपच्या कडेकडेने जुनी गावे तशीच उभी होती आणि त्या गावांतील गुरे आमच्या क्वार्टरांच्या मागे चरत येत. गावाची गुरे राखणाऱ्यास इकडे पहटिया म्हणतात. पहाटे गुरे सोडणारा तो पहटिया, आपलीच पहाट छत्तीसगढीतही आहे. दुधाचा व्यवसाय राऊत समाजाकडे. आपल्याकडे राऊत हे आडनाव, येथे ती जात. त्या गुरांची एक गोष्ट मला तेव्हापासून आठवते. गायी आमच्या परसातील भिंतीचा चुना चाटीत. वाळत घातलेला धोतराचा पिळा चघळीत. एकदा तर एक गाय कोठले तरी जुने हाड तोंडात धरून तासभर उभी होती. आई म्हणे, मेलीला वाईट खोड लागली आहे. ती खोड नव्हती, भूक होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या सुमारास सर आर्नल्ड थायलर या पशुवैद्यकाने अशाच हाडे चघळणाऱ्या गुरांचा अभ्यास केला. तेथील कुरणांत फॉस्फरस कमी होता, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे शोधून खात आणि त्या हाडांतील विषाने पांगळी होऊन मरत. थायलरने त्यांना निर्जंतुक हाडांची भुकटी खाऊ घातली तेव्हा हाडे चघळणे थांबले आणि मरणेही थांबले. माझ्या आईने ज्या गायीला काठी उगारली होती ती बिचारी भिंतीतला चुना नव्हे, औषध शोधीत होती.

गेल्या वर्षी चैत्रात मी ताईकडे गेलो होतो. ताईकडे दूध घालणारी रउताइन (राऊत बाईस येथे असेच म्हणतात) दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती दुधाऐवजी खरवसाचा चीक घेऊन. येथे त्याला पेउस म्हणतात. तिची लाली नावाची जर्सी संकरित गाय, चौथ्या वेताची, आदल्या संध्याकाळी व्याली होती. कालवड झाली म्हणून बाई आनंदात होती. ताईने खरवस केला. त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास रउताइनचा मुलगा धापा टाकीत आला. गाय बसली आहे आणि उठत नाही.

आम्ही बस्तीतील त्यांच्या कोठ्यावर गेलो. गाय छातीवर बसली होती, मान वळवून कुशीवर टेकविलेली. कान हाताला गार लागत होते, नाकपुडी कोरडी ठणठणीत. वासरू शेजारी हंबरत होते, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे विंचू चावला. एका वृद्ध गृहस्थाने मात्र सायकलचा पंप मागविला. सडातून हवा भरली की गाय उठते, आमचे आजोबा असेच करीत, असे ते सांगू लागले. मी निवृत्त अधिकारी, अशा वेळी अंधश्रद्धा निर्मूलनाचे भाषण देण्याची सवय अजून गेलेली नाही. मी त्यांना जरा तोडूनच बोललो. ते गप्प झाले. ताईने दुर्गच्या एका तरुण पशुवैद्य मुलीस फोन लावला. ती अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. ते महाविद्यालय आता २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विश्वविद्यालयाचा भाग आहे. ती स्कूटरवरून पाऊण तासात पोहोचली. तिने गायीकडे पाहिले, कानाला हात लावला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे, की कोमट पाणी आणा, बाटली गार आहे.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची साडेचारशे मिलिलिटरची बाटली तिने कोमट पाण्यात ठेवली आणि मग मानेच्या शिरेतून अगदी सावकाश सोडू लागली. एक हात नळीवर, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर. हे द्रावण घाईने दिले तर हृदयच थांबते, असे ती हलक्या आवाजात म्हणाली. रउताइन कंदील धरून उभी होती, कारण नेमकी वीज गेलेली होती. तिने मला एकदाच विचारले, "उठही का, भैया?" मला काय उत्तर द्यावे कळले नाही. निम्मी बाटली संपत आली तेव्हा गायीच्या मांड्यांचे स्नायू थरथरू लागले. मग तिने ढेकर दिली. नाकपुडीवर दवाचे थेंब दिसू लागले. शेण टाकले. आणि बाटली संपून पंधरा-वीस मिनिटे झाली नाहीत तोच पुढचे गुडघे टेकून, मागचा भाग उचलून ती उभी राहिली, जशी रोज सकाळी उभी राहत असेल तशी. मी प्रशासनात पस्तीस वर्षे काढली. इतक्या थोड्या वेळात इतके स्पष्ट फळ देणारे काम मी क्वचितच पाहिले आहे.

मग डॉक्टर मुलीने विचारले, गाभणपणी शेवटचे दोन महिने काय खाऊ घातले? रउताइनने अभिमानाने दोन रिकामे कॅन आणून दाखविले. पातळ कॅल्शियमचे. दुकानदाराच्या सांगण्यावरून तिने ते उधारीवर आणले होते, शिवाय रोज चुन्याची निवळी. एक दिवस चुकविला नव्हता. डॉक्टर मुलगी क्षणभर काहीच बोलली नाही. नंतर तिने समजावून सांगितले की व्याण्याआधी हे देणे म्हणजे गायीला पाडण्याची तयारी करणे होय. रउताइनचा चेहरा पडला. माझाही पडला. पण माझे कारण वेगळे होते.

आधी शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. गायीच्या रक्तद्रवात कोणत्याही क्षणी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम असते. व्याल्यावर दहा लिटर चीक निघाला तर त्यातून सुमारे तेवीस ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. म्हणजे रक्तातील सगळा साठा एका दिवसात सात-आठ वेळा रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. तो भरायचा कोठून? हाडांतून आणि आतड्यांतून. त्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथीने संप्रेरक सोडावे लागते, मूत्रपिंडाने ड जीवनसत्त्व क्रियाशील करावे लागते, आणि या यंत्रणेला जाग यायला एक-दोन दिवस लागतात. गाभणपणाच्या अखेरीस गायीला भरमसाट कॅल्शियम आयते मिळत राहिले तर ही यंत्रणा झोपी जाते. व्याल्यावर एकाएकी मागणी येते आणि भांडार उघडणारा कारकून जागेवर नसतो. (ही उपमा माझ्या खात्यातली आहे, डॉक्टरांनी क्षमा करावी.) याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग उलट गार पडते. पहिलारू कालवडीला तो सहसा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, भरपूर दूध देणाऱ्या गायीला होतो, आणि जर्सी रक्ताच्या गायीला अधिक.

व्याण्यापूर्वी कॅल्शियम कमी ठेवले तर दुग्धज्वर टळतो, हे बोडा आणि कोल या दोघांनी कॅलिफोर्नियात १९५४ साली दाखवून दिले. भिलईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ चा. म्हणजे ही माहिती भिलईहून एका वर्षाने थोरली आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेतील संशोधकांनी आणखी एक पायरी उलगडली. चाऱ्यातून पोटॅशियम फार गेले की रक्ताचा तोल अल्कधर्मी बाजूला झुकतो आणि हाडे संप्रेरकाचा हुकूम नीट ऐकत नाहीत. म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे क्षार पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावेत. मॅग्नेशियम कमी पडले तरीही तोच परिणाम होतो.

आणि सायकलचा पंप? मी घरी येऊन जुने वाचले आणि ओशाळलो. डेन्मार्कमधील कोल्डिंग गावच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने १८९७ साली कासेत औषधी द्रावण भरून दुग्धज्वराच्या गायी उठवून दाखविल्या. थोड्याच वर्षांत लक्षात आले की औषधाची गरज नाही, नुसती हवा भरली तरी पुरते. कास ताणली गेली की दूध तयार होणे थांबते आणि रक्तातील कॅल्शियम रक्तात राहते. त्यापूर्वी बहुसंख्य गायी दगावत, या उपायाने त्या वाचू लागल्या. मुळात हा कॅल्शियमच्या तुटवड्याचा आजार आहे हे एडिनबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडले ते १९२५ साली, आणि बाटली त्यानंतर आली. तोपर्यंत जगभर हवेचाच पंप चालत असे. आज तो वापरू नये, कारण अस्वच्छ हवेने कासदाह होतो. पण त्या वृद्ध गृहस्थाचे आजोबा अंधश्रद्धाळू नव्हते, ते त्यांच्या काळाचे शास्त्र पाळीत होते. व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, ही आपल्याकडच्या जुन्या गवळ्यांची रीतही याच जातीची आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला. विषय त्यांनीही काढला नाही.

आता माझ्या चेहऱ्याचे कारण. सन २००६-०७ च्या सुमारास मी विदर्भाच्या भातपट्ट्यातील एका जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी होतो. तो काळ विदर्भात गायी वाटण्याचा होता. पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचे जे पॅकेज आले त्यातही दुभती जनावरे होती, आणि गाय मिळाली पण चाऱ्याचे काय, हा प्रश्न तेव्हाच अनेकांनी विचारला होता. आमचा जिल्हा त्या सहांत नव्हता, पण वारे आमच्याकडेही वाहत होते. बचतगटांतील महिलांना आम्ही एका योजनेतून संकरित गायी दिल्या. वर्षभरात तक्रारी येऊ लागल्या. गायी उलटतात, वार पडत नाही, व्याल्यावर बसतात. बैठकीत कोणीतरी म्हणाले, कॅल्शियमची कमतरता आहे. मी म्हणालो, मग कॅल्शियम द्या. आदेश निघाला की सर्व गाभण जनावरांना शेवटच्या दोन महिन्यांत पातळ कॅल्शियमचे वाटप करावे आणि लाभार्थ्यांच्या सह्यांसह अहवाल ३१ मार्चपूर्वी सादर करावा.

त्या फाइलवर एका तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याची टिपणी होती. पाऊण पानाची, हाताने लिहिलेली. व्याण्यापूर्वीच्या महिन्यात कॅल्शियम देऊ नये, वर्षभर थोडे थोडे खनिज मिश्रण द्यावे, कॅल्शियम व्याल्यानंतर द्यावे, आणि वाटप मार्चवर न नेता प्रत्येक गायीच्या व्याण्याच्या तारखेवर न्यावे, असे त्यात लिहिले होते. मी समासात लिहिले, "चर्चा करावी." ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ माहीत आहे. होकार नाही, नकार नाही, आणि चर्चा तर नाहीच नाही. खरेदी झाली होती, बाटल्या गोदामात पडल्या होत्या, निधी परत जाण्याची भीती होती. तो तरुण अधिकारी पुन्हा काही बोलला नाही. बोलला असता तरी मी ऐकले असते असे आज प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

मे महिन्यात एका गावी जनता दरबारात एक विधवा बाई उभी राहिली. तिची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी मेली. विम्याचा अर्ज कोठे करायचा एवढेच विचारायला ती आली होती. मी शिरस्त्याप्रमाणे विचारले, औषध दिले होते का? ती म्हणाली, "साहेब, बाटली तर तुमच्याच माणसानं दिली होती. मी एक दिवस बी चुकवला नाही जी." मी तिची नोंद घ्यायला सांगितली आणि पुढचे नाव पुकारले गेले. विम्याचे पैसे तिला मिळाले, ते मी पाठपुरावा करून मिळवून दिले आणि त्याचे मला त्या वेळी समाधानही वाटले. गाय कशाने मेली हे कोणी तपासले नाही. शवविच्छेदन झाले नाही. बाटलीनेच मेली असे मी आज सिद्ध करू शकत नाही, आणि बाटलीने मेली नाही असेही नाही. मात्र मरोद्याच्या रउताइनने ते दोन रिकामे कॅन पुढे केले तेव्हा मला ती बाई आठवली. दोघींनी सांगितलेले तंतोतंत केले होते. ज्यांनी बाटली आळसाने कोपऱ्यात ठेवून दिली असेल त्यांच्या गायी कदाचित अधिक सुखरूप राहिल्या.

आमच्या अहवालात त्या वर्षी उद्दिष्टपूर्ती शंभर टक्क्यांहून अधिक होती. मोजल्या होत्या त्या बाटल्या. गाय उठली की बसली याचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता, आणि तक्ता मीच मंजूर केलेला.

प्रश्न खनिजे द्यावीत की न द्यावीत असा नाहीच. ती द्यायलाच हवीत, आणि भातपट्ट्यात तर अधिकच. येथे गायीच्या गव्हाणीत असते ते भाताचे तणस, छत्तीसगढीत पैरा. त्यात सिलिका आणि ऑक्झलेट भरपूर. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे असलेलेही अंगी लागत नाही. फॉस्फरस कमी. कोंड्यात फॉस्फरस असतो, पण कोंडा सर्वांना परवडत नाही. हिरवा चारा नसेल तर अ आणि ई ही जीवनसत्त्वे नाहीतच म्हणा ना. फाल्गुन-चैत्रात व्याणाऱ्या गायीला तर महिनोन्‌महिने हिरवी काडी मिळालेली नसते. ड जीवनसत्त्व उन्हाने मिळते, म्हणून अंधाऱ्या कोठ्यात बांधून ठेवलेल्या गायीपेक्षा पहटियाबरोबर हिंडणारी गाय त्या बाबतीत श्रीमंत. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांच्या अभावी वार अडकते, कासदाह बळावतो. पण हेच सेलेनियम पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडच्या काही जमिनींत इतके जास्त आहे की तेथे गुरांचे खूर झडतात. म्हणजे एकच पुडी साऱ्या देशाला चालणार नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने निरनिराळ्या भागांतील माती, चारा आणि जनावरांचे रक्त तपासून त्या त्या भागासाठी वेगळी खनिज मिश्रणे सुचविली आहेत, ती याच कारणाने. प्रमाणही अवघड नाही. भाकड जनावरास दिवसाला पन्नास ग्रॅम, दुभत्यास दुधाच्या मानाने शंभर ते दोनशे. साधारण एक मूठ ते तीन मुठी. रोज. वर्षातून एकदा मार्चमध्ये नव्हे.

या भागाची मूळ गाय कोसली. लहान चणीची, दूध थोडे. ती दुग्धज्वराने पडल्याचे येथील जुन्या माणसांना आठवत नाही, कारण ती देते थोडे आणि मागतेही थोडे. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गायीचा प्रयोग गावोगाव नेला. त्यामुळे हजारो कुटुंबांच्या घरात दुधाचा पैसा आला, हे निर्विवाद. पण बाएफने गायीबरोबर पोषणाचा विचारही नेला होता. नंतर आम्ही सरकारी मंडळींनी वीर्यमात्रा तेवढी नेली आणि गव्हाण जुनीच ठेवली. छत्तीसगढात २०२० साली गोधन न्याय योजना सुरू झाली, तीत शेण दोन रुपये किलोने विकत घेतले जात होते. २०२३ च्या अखेरीस सरकार बदलले आणि ती मागे पडली. रउताइनने तीत शेण विकले होते, पैसेही मिळाले होते. गायीच्या तोंडात काय जाते हे मात्र कोणी विचारले नव्हते.

मरोद्याला ताईच्या गच्चीवरून कारखान्याच्या चिमण्या दिसतात. त्या भट्ट्यांना काय लागते? लोहखनिज दल्ली राजहऱ्याचे, डोलोमाइट बिलासपूरकडच्या हिर्रीचे आणि चुनखडी नंदिनीची. चुनखडीत कॅल्शियम, डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भट्टीला कोणत्या तासाला किती चुनखडी जाणार हे ग्रॅमच्या नाही तरी टनाच्या हिशेबाने अगोदर ठरलेले असते. माझे वडील कोकच्या विभागात होते, ते सांगत की भट्टीला उशीर चालत नाही आणि घाईही चालत नाही. आणि नंदिनी म्हणजे तर कामधेनूची लेक, दिलीप राजाने जिची सेवा केली ती! तिच्या नावाच्या खाणीतून वाघिणी भरभरून चुनखडी भट्टीकडे जाते आणि दोन कोसांवर लाली व्याल्यावर बसते. अर्थात चुनखडीचा डोंगर पुढ्यात टाकून गाय उठत नाही हेही वर सांगितलेच आहे. भट्टीला जे वेळापत्रक आहे ते गायीला नाही, इतकेच.

बसलेली गाय निदान दिसते. डॉक्टर मुलगी म्हणाली की खरे नुकसान न बसलेल्या गायींत असते. रक्तातील कॅल्शियम थोडे घसरते, गाय उभीच असते, पण गर्भाशय आणि कासेचे स्नायू सैल पडतात. वार अडकते, सडांची तोंडे नीट मिटत नाहीत, कासदाह होतो, खाणे मंदावते, मग माजावर यायला उशीर. शेतकरी म्हणतो, यंदा गाय उलटली. कोणत्याही अहवालात ही गाय सापडत नाही. वर्षाचे एक वेत हातचे गेले की त्या घराचा एका मुलाच्या शाळेचा खर्च गेला.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात लालीच्या कानातला पिवळा बिल्ला मला दिसला होता. बारा अंकी. देशभरातील जनावरांना असे क्रमांक दिले गेले आहेत आणि कृत्रिम रेतनाची नोंद त्या क्रमांकावर होते. रेतन झाल्यापासून साधारण दोनशे ऐंशी दिवसांनी गाय व्यायची. म्हणजे व्याण्याची तारीख नऊ महिने आधी कागदावर येऊ शकते, अर्थसंकल्पाच्या तारखेहून अधिक खात्रीने. ती रउताइनपर्यंत पोहोचली नव्हती. त्या तरुण पशुधन विकास अधिकाऱ्याने २००७ साली नेमके हेच लिहिले होते, तेव्हा तर संगणकही नव्हता, त्याने रेतनाच्या रजिस्टरवरून तारखा काढण्याची पद्धत सुचविली होती. तो कोठे आहे याचा मी परतल्यावर शोध घेतला. दोन फोन करावे लागले. तो आता वरच्या पदावर आहे. मी त्याला त्या टिपणीची आठवण करून दिली. तो म्हणाला, "हो सर, आपण चर्चा करावी असे लिहिले होते." त्याच्या स्वरात काही नव्हते. मी म्हणालो, आता करू या. आम्ही तासभर बोललो. वर दिलेल्या मुठींचा हिशेब आणि सेलेनियमची गोष्ट त्याच्याकडूनच घेतलेली आहे.

आषाढात ताईचा फोन आला, लालीला पुन्हा रेतन केले. ताईच्या स्वयंपाकघरात भिलईतही कालनिर्णयच असते आणि त्याच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब. तिने बोटांवर दोनशे ऐंशी दिवस मोजले, तारीख पुढच्या वर्षात जात होती म्हणून डिसेंबरच्या पानाच्या कडेला लिहून ठेवली. मार्गशीर्षात नवे कालनिर्णय आल्यावर तिने ती नव्या पानावर उतरविली. त्या चौकोनात "लाली" एवढेच लिहिले आहे. त्याच्या दोन महिने आधीच्या चौकोनात "चुना, कॅन बंद. एक मूठ चालू" आणि नंतरच्या चौकोनात "डॉ. ला आधी सांगणे, बाटली घरात ठेवणे." रउताइनला वाचता येत नाही. ती रोज दूध घालायला आली की त्या पानाकडे बोट करून विचारते, किती दिवस राहिले.